दुसऱ्या साक्षीदाराची सही

माझी धाकटी जाऊ शिंप्याच्या दुकानात कोपऱ्यात बसून रफू करते. शालीला जळून पडलेलं भोक ती असं बुजवते की नंतर मालकालाही ते सापडत नाही. हे कौतुक मी मुद्दाम स्वतःच करून टाकते. लोकांच्या तोंडून ऐकायचं म्हणजे जास्त जड जातं.

किनाऱ्यावरची पक्षीगणना मात्र माझी होती. दातांच्या दवाखान्यात दिवसभर नंबर पुकारणाऱ्या बाईला एरवी कोण विचारतं? पण वर्षातल्या त्या एका सकाळी, भरतीचं पाणी चढून पक्षी उरलेल्या वाळूवर दाटीवाटीनं बसले की सगळे माझ्या आकड्याची वाट बघायचे. अकरा वर्षं मी एकच पट्टा मोजला. धाकटीला तिथे मीच नेलं, थर्मास धरायला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

दुसऱ्याच वर्षी ती थव्यातले वेगळे पक्षी माझ्याआधी ओळखू लागली. मी दहा-दहाचे गट करून मोजत असायचे आणि ही शेजारून हळूच सांगायची की ताई, त्या गटात तिघांचे पाय पिवळे आहेत. बघावं तर खरंच पिवळे. गणनेचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त ग्रंथपाल. ते मला म्हणाले, तुमच्या जाऊबाईंची नजर म्हणजे देणगीच आहे. अकरा वर्षांत त्यांनी मला शाबासकी दिली ती फक्त फॉर्म स्वच्छ अक्षरात भरल्याबद्दल. माझा नुसता जळफळाट झाला.

यंदा तिनं एकदम माझा दंड धरला. चिमणीएवढ्या टिलव्यांच्या थव्यात, शेवाळलेल्या दगडाच्या डावीकडे एक चिमुकला पक्षी होता, चोचीचं टोक चमच्यासारखं चपटं. आमच्या किनाऱ्यावर असा पक्षी कधीच नोंदला गेला नव्हता. मी दुर्बीण लावली. दिसला. चिखलात चोच इकडून तिकडे फिरवत होता, अगदी स्वच्छ दिसला. मग थवा उडाला.

दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीला दोघांनी पाहिल्याची सही लागते. धाकटीनं फॉर्म माझ्यापुढे केला.

"मला नाही दिसला," मी म्हणाले.

तिनं वाद घातला नाही. ताईंना दिसला नाही म्हणजे नसेलच, असं म्हणून तिनं स्वतःच ती ओळ खोडली. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, खोटं कशाला सांगू.

तीन आठवड्यांनी मी पडदे शिवायला टाकायला दुकानात गेले, तर एक म्हातारे गृहस्थ रेशमी शाल घेऊन उभे. गेलेल्या बायकोची शाल, कडेला इस्त्रीनं जळलेली. धाकटी तिला हातही न लावता नाही म्हणत होती. शिंप्यानं मला बाजूला घेतलं. गणनेहून आल्यापासून ही बारीक काम घेतच नाही, म्हणाला. डोळे तपासून आली, डॉक्टर म्हणाले काही दोष नाही, तरी पटत नाही. म्हणते, मला नसलेलं दिसायला लागलंय. आता नुसती बटणं लावत बसते.

तिच्या मांडीवर शर्टांचा ढीग होता. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं, आणि आता ते बघवेना.

"तो पक्षी मी पाहिला होता," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "चमच्यासारखी चोच होती. मी खोटं बोलले."

तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं गृहस्थांकडून शाल घेतली, भोक उजेडात धरून पाहिलं, काठातलाच एक धागा ओढून काढला आणि एका फटक्यात सुईत ओवला.

"पुढच्या वर्षी मी दुसऱ्या पट्ट्यावर जाईन, ताई," ती मान वर न करता म्हणाली.

मी बरं म्हणाले. पडदे द्यायचे राहूनच गेले. घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच किडा वळवळत होता: तिच्या शेजारी आता कोण उभं राहणार, आणि काही दिसलं की ती कुणाचा दंड धरणार.