बायकोचं नाव

ह्यांनी चौक गावच्या आमच्या घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा गावात नवलच होतं. मी हात लावू नये म्हणून पासवर्ड घातला आणि तो हेच विसरले!

समोरच्या गॅरेजात गाडी दुरुस्तीला दिलेली मुंबईची एक बाई पाणी मागायला आली. तिचं कामच कॉम्प्युटरचं. तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला, निघालेले स्क्रू पदरात बांधले, आतला सेल काढून पुन्हा बसवला. पासवर्ड पुसला गेला.

“लग्नात नाव बदललं तुमचं?”

“हो.”

“मग नवा पासवर्ड म्हणून आधीचं ठेवू.” ती डोळा मिचकावत म्हणाली, “विचारलं तर सांगा, बायकोचंच नाव आहे.”

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी मी तेवढंच सांगितल्यावर ह्यांनी ऐटीत माझं नाव टाइप केलं. उघडेना.

“लग्नाआधीचं,” मी म्हटलं.

ह्यांना ते आठवेना, माझ्याकडे विचारणंही जमेना. शेवटी गुपचूप माझ्या आईला ट्रंक कॉल लावला.