आदी तू बस

आई गेल्यानंतर माझं मन देवाकडे वळेनासं झालं होतं. सिद्धेश्वराच्या देवळात मी जायचे, तळ्याकाठच्या वाटेनं आत शिरायचे, हात जोडायचे आणि तशीच परत यायचे. तिच्या दुखण्यात इतकं काही मागून झालं होतं, की आता मागायला शब्दच उरले नव्हते. कुणी ऐकत असेल का, हा विचारही मी करत नव्हते. दिवसभर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल शिवायच्या युनिटवर बायकांमध्ये असायचे आणि संध्याकाळी दमून घरी यायचे.

त्याच सुमाराला आमच्या कॉलेजच्या जुन्या मंडळींनी गावोगावी डोळे तपासायची शिबिरं सुरू केली. अकरावी-बारावीला आमच्या वर्गात असलेला सुहास पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाला होता, त्याच्यामुळे हे जमलं. आमच्यातलीच नसरीन स्वतःची गाडी घेऊन यायची आणि येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची. मला कानडी येतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना समजावून मशीनसमोर बसवायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. देवळात न मिळणारं समाधान तिथं थोडंफार मिळायचं, एवढंच मी स्वतःला सांगत असे.

मंद्रूपला शिबिर होतं तो बाजाराचा दिवस होता. समाजमंदिराबाहेर भली मोठी रांग लागली होती. दुपारच्या सुमाराला एक लेक आपल्या आईला हाताला धरून आत घेऊन आली. गौरव्वा तिचं नाव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला, की माणसं तिला सावलीसारखी दिसत होती. खुर्चीपर्यंत ती नीट आली आणि तिथं मात्र अडून बसली. "ब्याड, ब्याड," म्हणजे नको नको, एवढंच ती म्हणत राहिली. त्या मशीनमध्ये डोळा ओढून घेतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी कानडीतून समजावलं, मराठीतून समजावलं, लेकीनं रागावून पाहिलं. शेवटी सुहास म्हणाला, "राहू दे, जबरदस्ती नको. पुढच्यांना बोलव."

मी वळले, तर गौरव्वानं माझं मनगट घट्ट धरलं. "आदी तू बस," ती म्हणाली. "तुजं काय हुतंय बगते, मग मी बसते."

बाहेर माणसं ताटकळली होती, मला जरा चीडच आली. पण हात काही सुटेना. मी खुर्चीत बसले, हनुवटी टेकवली आणि हळूच सुहासला म्हटलं, "नुसतं बघितल्यासारखं कर." पण सुहासला खोटं काही करताच येत नाही. त्यानं नेहमीसारखं नीट पाहिलं. मग दुसरा डोळा पाहिला. मग पुन्हा पहिला. सकाळपासून त्याची चेष्टामस्करी चालली होती, ती थांबली. त्यानं डोळ्यांतलं प्रेशर मोजलं आणि "झालं, ऊठ" म्हणाला.

मी उठले तशी गौरव्वानं चाचपत माझा चेहरा शोधला. पापण्यांवरून बोटं फिरवली. "जाग्यावर हायती की," असं म्हणून ती शहाण्या बाईसारखी खुर्चीत जाऊन बसली.

शिबिर आटोपल्यावर सुहासनं मला बाजूला घेतलं. "काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली असणार, उजव्याचीही जायला लागली आहे. गेलेली परत येत नाही, उरलेली सांभाळता येईल. उद्या सकाळीच दवाखान्यात ये." मग म्हणाला, "यात दुखत नाही गं, म्हणून कुणाला कळत नाही. आणखी वर्षभर गेलं असतं तर..."

डावीकडून येणाऱ्या माणसांना मी अधूनमधून धडकायचे. युनिटमधल्या बायका हसायच्या, मीही हसायचे. ते सगळं आता उलगडलं. परतीच्या वाटेवर नसरीन गाडी चालवत होती. ती म्हणाली, "अल्लानं वेळेत दाखवलं बघ." मी मान डोलावली. मला रडू आलं, पण ते भीतीचं नव्हतं. आई गेल्यापासून प्रथमच, कुणीतरी माझ्याकडे लक्ष ठेवून आहे असं अगदी आतून वाटलं, आणि ती खात्री तेव्हापासून ढळलेली नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, थेंब कायमचे सुरू झाले. उरलेली नजर जिथल्या तिथं टिकली आहे. गौरव्वाचाही मोतीबिंदू निघाला. मी तिला भेटायला मंद्रूपला लेकीच्या घरी गेले, तेव्हा तिनं मला डोळे भरून पाहून घेतलं. "आवाजावरनं वाटलं हुतं लई गोरी असशील," ती म्हणाली. मी खूप हसले. माझा डोळा तिच्यामुळे वाचला हे सांगितलं, तर ती गोंधळली. "मी भ्याले हुते म्हणून म्हणलं. मला काय ठावं?"

तिला काही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तिच्या भीतीतून माझी राखण झाली. यात चमत्कार होता की योगायोग, याचा निवाडा मी करत नाही. आई का गेली, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि ते मागण्यासाठी मी देवाशी भांडतही नाही. माझं काय करायचं ते त्याच्यावर सोपवलं आहे. नेमून दिलेलं काम करताना मन हलकं असतं.

परवा वैरागला शिबिर होतं. दार उघडल्यावर खुर्चीत सगळ्यांत आधी मी बसले. रांगेतली म्हातारी माणसं माना उंचावून बघत होती. मी हनुवटी टेकवली आणि मनात सिद्धेश्वराचं नाव घेतलं.

"हलू नकोस," सुहास म्हणाला.

मी हलले नाही.