आबांच्या डोक्यावरचा हात

डिंडोलीच्या लूम-कामगार वस्तीतल्या आमच्या एका खोलीच्या कोब्यावर पांढरेशुभ्र मोजे घातलेली दहा पावलं ओळीने मांडलेली… नव्वदच्या दशकातल्या त्या हिवाळ्याचं हेच चित्र सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतं. मोज्यांची मालक मंडळी परदेशातून आमची गरिबी पाहायला आली होती. लूमच्या तेलाचा, स्टोव्हच्या रॉकेलचा आणि मायने मुद्दाम आलं ठेचून उकळलेल्या चहाचा वास एकमेकांत मुरलेल्या त्या खोलीत ती अशी करुणार्द्र नजरेने बसली होती, जणू आम्ही संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणार नव्हतो. चहाला कुणी ओठ लावला नाही. कप हातात धरून फोटो तेवढे काढले.

त्यांना घेऊन आला होता वस्तीत रविवारची ख्रिस्ती प्रार्थना चालवणारा, सगळे ज्याला ‘भाऊ’ म्हणत तो माणूस. प्रार्थनेने गुडघे बरे होतील म्हणून शेजारीण मायला तिकडे नेत असे, तेवढीच काय ती ओळख. केसांना चापून तेल लावणारा, गोड गोड बोलणारा हा गृहस्थ दुभाषाही होता. एका पाहुणीने काहीतरी विचारलं – तुम्हाला कसलं दुःख आहे, असं काहीसं – आणि माय लाजत म्हणाली, “आम्हनं बठ्ठं बरं शे. पोर शिकनी म्हंजे व्हयनं.”

सगळं बरं आहे, पोर शिकली म्हणजे झालं. पण बरं चाललेल्या घराचा त्या बिचाऱ्यांना काय उपयोग? भाऊने घसा खाकरला आणि इंग्रजीत सांगितलं, हिचा नवरा दारू पितो, हिला मारतो. मी आठवीत होते. एवढं इंग्रजी मला कळत होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, रातपाळी करून आलेले, भिंतीशी हात जोडून उभे होते. ज्यांना बिडीचा वाससुद्धा सोसत नसे, ते आबा. पाहुणे उठले, आबांच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून पुटपुटू लागले, एक बाई तर मुसमुसून रडली. आशीर्वाद समजून आबांनी मान आणखी खाली वाकवली.

आणि मी? त्या पाहुणीच्या हातात माझ्यासाठी आणलेलं निळं दप्तर होतं. तोंड उघडलं तर ते जाईल, हे मला चटकन उमगलं. त्या ढोंगी भाऊला मी जन्मभर शिव्या घातल्या. पण त्या खोलीत तो खोटं बोलला हे जाणणारी माणसं दोनच होती, आणि दुसरी मी होते.

आबा मात्र ही गोष्ट लग्नकार्यांत, खात्यावर म्हणजे लूमच्या कारखान्यात, भेटेल त्याला सांगत राहिले. परवा परवा, अंथरुणाला खिळल्यावर, माझ्या नवऱ्यालाही सांगितली – सातासमुद्रापलीकडून माणसं आली, माझ्यासाठी रडली…

“काय म्हणत होते ते?” त्याने विचारलं.

आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हिले इचारा. हिले समजे.”

“तुमचं भलं होवो म्हणत होते,” मी म्हटलं.