ओहायोचा म्हातारा

केजला एका शिकवणीच्या वर्गाच्या वर माझी भाड्याची खोली होती. तिथं बसून मी अमेरिकेतल्या एका वकीलबाईंसाठी दाव्यांचे कच्चे मसुदे लिहायचे. मध्ये पुण्यातलं एक ऑफिस. तिथले सर काम वाटायचे आणि चुका काढायचे. गावात लोक हसायचे. केजच्या कोर्टात वर्षभर काळा कोट घालून बसलेली पोरगी आता अमेरिकेची भांडणं लिहिते म्हणे! हसोत बापडे. या कामामुळं आई-अण्णांचं ऊसतोडीला जाणं थांबलं होतं. तीन दिवाळ्या झाल्या, शिरूर कासारच्या आमच्या घराला कुलूप लागलं नव्हतं. अण्णांची कंबर धरायची, कोयता धरवत नव्हता, तरी आधी जावंच लागायचं.

आणि मी ते सगळं एका ओळीपायी घालवून बसले.

अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी, केंद्राची वेगळी. साधं करारमदाराचं भांडण केंद्राच्या कोर्टात न्यायचं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिक असाव्या लागतात. म्हणून कोण कुठला, हे दाव्यात सुरुवातीलाच लिहायचं. आमची अशील एक एलएलसी होती, म्हणजे भागीदारीच्या अंगानं चालणारी कंपनी. समोरची साधी कंपनी, ओहायो राज्याची. केजच्या कोर्टात कुठलीही कंपनी आली की आम्ही नोंदणी कुठली आणि मुख्य कचेरी कुठली, एवढं टाकून पुढं सरकायचो. हाताला वळण तेच. मी आमच्या अशिलाचंही तेवढंच लिहिलं. कुणी हटकलं नाही. दावा दोन वर्षं चालला, आम्ही जिंकलो. अण्णांनी गावात पेढे वाटले. कशाचे, ते त्यांना धड सांगता येईना.

समोरचे अपिलात गेले. वरच्या कोर्टानं कराराबद्दल चकार शब्द न काढता आधी आम्हालाच विचारलं. एलएलसीचं नागरिकत्व तिच्या सभासदांवरून ठरतं, तर हे सभासद कोण आणि कुठले? मुदत एक आठवडा. एक जरी ओहायोचा निघाला तरी दावा केंद्राच्या कोर्टात कधी बसलाच नव्हता, आणि निकाल रद्द.

सरांचा फोन आला. "तुझी ओळ आहे, तूच निस्तर. निकाल गेला तर तुझंही काम गेलं समज."

सभासद तीन. दोघं टेक्सासचे. तिसरी पुन्हा एक एलएलसीच! तिचे सभासद चार. मी कागदांवर कागद मागवत गेले, जेवणाची शुद्ध राहिली नाही. तिघं ओहायोबाहेरच्या राज्यांचे निघाले. उरला एक म्हातारा. दावा दाखल झाला तेव्हा तो फ्लोरिडा राज्यात मुलीच्या घरी राहत होता, अजूनही तिथंच. मला हायसं वाटलं. मग त्यानं भरून पाठवलेला कागद उघडला. घर ओहायोत, मतदान ओहायोत. आणि शेवटी हातानं लिहिलेलं: गुडघा बरा झाला की घरी जाणार.

सर म्हणाले, "दोन वर्षांच्या वर फ्लोरिडात राहतोय ना? मग फ्लोरिडा लिही. तो कागद आपल्याशिवाय कुणी पाहिलेला नाही."

मी फ्लोरिडा लिहिलं. खरंच लिहिलं. स्वतःची लाज वाटली, पण भीती लाजेहून मोठी होती.

त्याच दुपारी अण्णा गावाहून एसटीनं भाकरी घेऊन आले. माझा चेहरा बघून दारातच थबकले. मी एकदम विचारलं, "अण्णा, कारखान्यावर तुमी सहा-सहा महिने राहायचात. मग मतदानाला एवढ्या लांब गावाकडं कावून यायचात?"

"कावून म्हंजी?" अण्णा हसले. "तिथं पाचटाच्या कोपीत ऱ्हायचो बाई. घर गावाकडं हाय न्हवं का?"

"आन वर्षानुवर्षं तिथंच ऱ्हायला असता तर?"

"माघारी यायचं मनात हाय तवर घर गावाकडलंच. जेव आता."

कायदाही नेमकं हेच सांगत होता, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. मी फ्लोरिडा खोडलं, ओहायो लिहिलं आणि म्हाताऱ्याच्या कागदासकट मसुदा सरांना वगळून थेट वकीलबाईंना पाठवला. अण्णा समोर बसून कांदा फोडत होते. त्यांना काही सांगायची हिंमत झाली नाही.

वकीलबाईंनी दोन ओळींत आभार मानले आणि कोर्टाला खरं ते कळवलं. निकाल रद्द झाला. अशिलाला राज्याच्या कोर्टात पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पुण्याहून काम यायचं बंद झालं. केजची खोली सोडून मी शिरूरला आले आणि एका वकिलाकडं कारकुनी धरली; तिच्यात माझं एकटीचंही भागेना. दसऱ्याला अण्णांनी कोयत्याला धार लावली, तेव्हा मी घराबाहेर निघून गेले.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर दारात आला. आई भांडी चढवत होती. अण्णा कमरेवर हात ठेवून हळूहळू वर चढले. मी खाली उभी राहून रडत होते. माझ्या त्या एका ओळीबद्दल माफी मागायची होती.

"रडती कावून?" अण्णा म्हणाले. "आमी काय तिथलं झालो व्हय? घर हितंच हाय."

ट्रॅक्टर वळणापलीकडं गेल्यावर मी दाराला कुलूप लावलं आणि कामावर गेले.