हललं म्हणाली आणि सलाईन थांबलं

लातुरात मुलांची मेस सुरू केली तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या, स्वयंपाक आणि चौथीपर्यंतचं वाचन. दोन्ही पुरल्या. भूकंपात आमचं गाव बसलं, पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, मग आमच्या मालकांनी शहरात भाड्यानं जागा घेतली. नंतर शिकवण्या वाढत गेल्या आणि गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली पोरं राहू लागली. कुणी देगलूरचा, कुणी धर्माबादचा, कुणी शिरूर अनंतपाळचा. ती शिकली किती ते देवाला ठाऊक, जेवली मात्र माझ्याकडे.

भूकंपाच्या आधी बरेच महिने आमच्या गावात जमीन अधूनमधून हलायची. भांडी वाजायची, खालून गुरगुर यायची. सुरुवातीला आम्ही अंगणात झोपलो. काही होत नाही म्हटल्यावर परत घरात गेलो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. कुणी ‘हललं’ म्हणालं की आधी बाहेर, मग चर्चा. माझी लेक तेव्हा लहान होती. ती याच नियमात वाढली.

लग्नानंतर तिला आजार लागला. आधी एका डोळ्याला धुरकट दिसायला लागलं, मग पाय बधिर झाले. देगलूरकडच्या सासरच्यांनी देव केले, अंगारे केले. शेवटी नांदेडच्या डॉक्टरबाईंनी मेंदूचा फोटो काढायला लावला आणि एमएस आहे म्हणून सांगितलं. अंगातलेच पहारेकरी चोर समजून मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण कुरतडतात, असा तो आजार. तोवर लेक खुर्चीला खिळली होती.

मग महिन्याला एक सलाईन सुरू झालं. त्या औषधानं पहारेकरी मेंदूच्या दाराबाहेर अडवले जातात. पोरगी उठली. चालायला लागली. जावयाचं लातुरात शिकवणीवाल्या पोरांसाठी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथं जाऊन बसायला लागली. दुपारी जेवायला माझ्याकडे यायची.

डॉक्टरबाईंनी एक गोष्ट मात्र बजावली होती. पुष्कळ माणसांच्या अंगात एक विषाणू झोपलेला असतो. हिच्याही रक्तात तो होता. मेंदूवरचा पहारा उठला की एखाद्याच्या मेंदूत तो जागा होतो, आणि मग माणूस जाऊ शकतो. त्याची चाहूल त्रास व्हायच्या आधीच फोटोत दिसते. म्हणून दर काही महिन्यांनी, तब्येत कितीही चांगली असली तरी, फोटो काढायचा.

एक फोटो चुकला. जावई म्हणाला, “चांगली चालून राहिली की मामी. चालू इंजिन कोण खोलून बघतंय?” मलाही ते पटलं. त्या धडधडणाऱ्या मशीनमध्ये निजायला तिलाही नको होतं.

एका दुपारी मेस भरलेली होती. लेक दाराशी उभी होती. तिनं एकदम चौकट धरली आणि ओरडली, “माय, हललं!”

सगळी पोरं ताटासकट अंगणात. लातूरकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. धर्माबादचा एक नवा होता, तो तेवढा घास तोंडात धरून आत बसला. बाकीच्यांनी त्याला दंडाला धरून ओढला.

“काय हललं? मला तर काहीच कळालं न्हाई,” तो म्हणाला.

“तुला प्रमेयं तरी कुठं कळतेत?” दुसरा म्हणाला. “मावशी, बाहेरच बसतो आता. वरण तेवढं पाठवा.”

शेजारीपाजारी कुणाला काही जाणवलं नव्हतं. पिपातलं पाणी निवांत होतं. पोरं हसली, लेकही हसली. मी म्हटलं, लहानपणीचं भ्याव आहे, जात नाही. दुसऱ्या गावात माणसानं तिला चक्कर आली असं म्हटलं असतं. आम्ही अंगण गाठलं आणि पुन्हा जेवायला बसलो.

मग ती तसं म्हणेना. पण पायरी उतरताना भिंतीला हात लावायला लागली. पाण्याचा तांब्या ठेवताना एकदा कडेवर ठेवला, सांडला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जमीन हलली तर सगळ्यांना हलते. एकटीलाच हलत असेल तर ते जमिनीचं काम नव्हे.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, “डॉक्टरबाईला सांगू नको, माय. सलाईन बंद करतील. मला परत खुर्चीत बसवायचं हाय का तुला?”

मी सांडलेलं पाणी पुसून घेतलं.

सलाईनच्या दिवशी मी नांदेडला सोबत गेले. सिस्टरनं नेहमीचे प्रश्न विचारले. नवा काही त्रास? लेक म्हणाली, “काई न्हाई.”

मी म्हटलं, “हलतंय हिला. लई दिवस झाले. आन् फोटो बी चुकलाय.”

लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघायला लागले. डॉक्टरबाईंनी तिला सरळ रेषेत चालायला लावलं, मग डाव्या हाताचं बोट नाकाला लावायला सांगितलं. बोट गालावर गेलं. त्यांनी सलाईन बाजूला ठेवायला सांगितलं.

जावई म्हणाला, “बाई, एवढ्या लांबून आलोत. आज लावून टाका. फोटो पुढच्या खेपेला काढू.”

“औषधानंच बिघडलं असेल तर त्यावर आणखी औषध ओतू का?” त्या म्हणाल्या. “आधी फोटो.”

संध्याकाळी त्यांनी जुना फोटो आणि नवा फोटो उजेडावर शेजारी शेजारी लावले. जुने पांढरे ठिपके जुन्या जागी होते. खाली, लहान मेंदूपाशी, एक नवा डाग होता. सांडलेल्या ताकासारखा, कडा नसलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, शंका वाईट आहे, पण नुसत्या फोटोवरून शपथेवर सांगता येत नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. काही दिवसांनी उत्तर आलं. विषाणूच होता. डाग अजून लहान होता.

सलाईन कायमचं बंद झालं. हैदराबादला नेऊन तिचं रक्त मशीनमधून फिरवून औषध काढून टाकलं. त्यानंतर ती आणखी बिघडली. डॉक्टर म्हणाले, अडवलेले पहारेकरी एकदम आत शिरलेत, त्या मारामारीची सूज आहे. बोलणं जड झालं, डावा हात थरथरू लागला, जुन्या आजारानं पाय पुन्हा फरफटू लागला.

घरी आल्यावर ती म्हणाली, “तुझ्या तोंडाला कुलूप असतं तर मी आज चालत असते.”

“चालत असतीस,” मी म्हटलं. “कुठवर, ते डॉक्टरबाईला विचार.”

तिनं विचारलं. आणखी सलाईन गेलं असतं तर तू आम्हाला ओळखलं नसतंस, असं त्या म्हणाल्या. म्हणून तिचा राग गेला असं नाही. तो सोड असं मी म्हटलंही नाही. पाय तिचे होते, राग तिचा होता.

आता दुसरं औषध आहे. काठी घेऊन चालते, दुकानात बसते, डाव्या हातानं काही उचलत नाही. फोटो चुकवायची गोष्ट घरात कुणी काढत नाही. परवाचा फोटो बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, नवीन काही नाही. जावई पेढे घेऊन आला.

लेक म्हणाली, “काई झालं न्हाई, त्याचे पेढे वाटतंय का कुणी?”

मी दोन खाल्ले.