२,४९,९१९ आणि एक स्थळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात, चिंचवड मुक्कामी, प्रस्तुत लेखकाचं लग्न एका आकड्यापाशी अडलं होतं. पत्रिका जुळली होती, मंगळ कुणालाच नव्हता. अडला तो २,४९,९१९.

मुलगी मला बघताक्षणी आवडली होती. पोहे संपले आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे गणिताच्या निवृत्त मास्तरांनी, रिकामी बशी बाजूला सारून माझ्यापुढे हा आकडा ठेवला.

"ही मूळ संख्या आहे का? एक आणि ती स्वतः सोडून आणखी कुणी हिला पूर्ण भागतं का? पुढच्या रविवारी सांगा. अंदाज ठोकलात तर हे स्थळ विसरा."

मी तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होतो. सोमवारपासून जीव थाऱ्यावर नाही! साताने भागेना, तेराने भागेना, सतराने बाकी उरली. कंपनीच्या बसमध्ये मांडीवर कागद. खड्डा आला की हातचा सांडायचा. कॅन्टीनमध्ये डाव्या हातात चपाती, उजव्या हाताने भागाकार. साहेबांनी गिअरचं ड्रॉइंग मागितलं, तर मी त्यांच्या हातात एकशे एकोणचाळीसचा भागाकार दिला.

शेजारच्या बोर्डावरचा मित्र वैतागला. "काय राव, लग्न पोरीशी करतोयस की आकड्याशी? मूळ आहे म्हणून सांग आणि मुंडावळ्या बांध!"

पाचशेपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की सुटका, एवढं मला ठाऊक होतं. शनिवारी चारशे त्रेसष्टपाशी हात गळाला. उरलेत तरी किती, म्हटलं. पुढचे चार-पाच काय वेगळं करणार आहेत?

रविवारी मास्तर समोर बसले. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. माझा उजवा गुडघा आपल्या मनाने नाचत होता, दाबला तर डावा सुरू होई.

"मग?" मास्तर म्हणाले.

"मूळ..." एवढंच माझ्या तोंडून निघालं आणि ट्रे टीपॉयवर आदळला.

"अहो, थांबा!" ती म्हणाली. "अडीच लाखांना फक्त एक्याऐंशी कमी आहेत ना? म्हणजे पाचशेच्या वर्गातून नऊचा वर्ग गेला. आता पाचशेत नऊ मिळवा, पाचशेतून नऊ काढा, आणि गुणा!"

पाचशे नऊ गुणिले चारशे एक्क्याण्णव. मी कागदावर गुणलं. २,४९,९१९! मी थांबलो होतो तिथून चार पावलांवर तो चारशे एक्क्याण्णव माझी वाट बघत बसला होता.

मास्तरांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते लेकीकडे बघत होते.

"आधीच्या दोन्ही स्थळांना मी हाच आकडा घातला होता. दोघंही मूळ म्हणाले आणि गेले. तेव्हा बरी गप्प उभी राहिलीस?"

ती कानापर्यंत लाल झाली, पण मागे हटली नाही.

"बाबा, त्यांच्याशी लग्न कुणाला करायचं होतं!"