रेफ्रीनं ओरडायचं नसतं

सायकलवाल्याच्या घरात हसायला कारण लागत नाही. बायको पोस्टात कामाला. तिकडून आली की दिवसभराच्या गमती नकला करून सांगणार. लेकीला अख्खी गल्ली 'ढाल' म्हणते, कारण फुटबॉलमध्ये ती बचावाला उभी राहिली की चेंडूची पुढे जायची टाप नाही. तीही बोलण्याआधी हसून घेते. आणि या दोघींच्या मध्ये हा बाबा! लेक जन्मली तेव्हा नर्सनं बाळ हातात ठेवलं, तर यानं काय विचारावं? "फॉर्म कुठे भरायचा?" बायको अजून हा किस्सा सांगते आणि हसून हसून डोळे पुसते.

पण माणूस लाखमोलाचा. हातातलं काम टाकून दुसऱ्याची साखळी बसवून देईल. आणि रविवारी दुकानामागच्या मैदानावर वीस वर्षं शिट्टी त्याच्याच तोंडात. रेफ्री झाला तोही पूर्ण विचार करून. गोल झाला की अकरा जणी नाचणार, अकरा जणी डोकं धरणार. रेफ्रीनं आपलं घड्याळ बघायचं. आनंद दाखवला नाही म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नाही. उलट म्हणतात, वा, काय निःपक्षपाती माणूस आहे!

या वर्षी मात्र पंचाईत झाली. ढालीचा संघ थेट फायनलला, आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळानं सांगितलं की खेळाडूच्या बापाला रेफ्री होता येणार नाही. बरोबरच आहे म्हणा. लेक तर खूश.

"बाबा, या वेळी शिट्टी नाही हं. बाकावर बसायचं आणि ओरडायचं. जन्मात एकदा तरी!"

"बघू," तो म्हणाला, आणि सवयीनं घड्याळ बघितलं.

शनिवारी दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा तो एकच चाक कधीपासून फिरवत बसला होता. तरुणपणी तो लढाईवर होता, त्याच्या गोळीनं एक माणूस मेला होता, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते त्यानं आज सांगितलं.

"मी मारलं, ते तुला माहीत आहे. पण मला तेव्हा आनंद झाला होता गं."

वय बावीस. सकाळपासून समोरच्या भिंतीआडून गोळ्या येत होत्या, शेजारचे दोघे गेले होते. यानं नेम धरला, समोरचा पडला, आणि हा उड्या मारत ओरडला, "लागली! लागली!" सोबत्यांनी पाठ थोपटली. अर्ध्या तासानं त्याच वाटेनं पुढे जायचं होतं. तो उताणा पडला होता. याच्याच वयाचा. एका बुटाची नाडी सुटलेली. मग याला भडाभडा उलटी झाली.

"मारलं ते मी एक वेळ समजून घेतो. हुकूम होता, तो नाही तर मी. पण नाचलो ते कुणाच्या हुकमानं? तेव्हापासून कधीही आनंद वर यायला लागला की वाटतं, हा तोच आहे. मग दाबून टाकतो."

बायको या वेळी हसली नाही.

"वेडे आहात," ती रडत म्हणाली. "सकाळपासून मरण समोर होतं आणि तुम्ही वाचलात. जीव ओरडणारच! त्या पोराचं दुःख करा, जन्मभर करा, मीही करीन. पण माझ्या लेकीच्या वाटचं हसू त्याला का देऊन टाकता? त्यानं मागितलंय का?"

त्यानं चाक बाजूला ठेवलं. दोघांनी एका डब्यात जेवण केलं.

फायनल शून्य-शून्यवर अडली होती. पाच मिनिटं उरली असताना फ्री किक मिळाली म्हणून ढालही पुढे धावली. या पोरीनं आयुष्यात एक गोल मारला नव्हता. तिचं काम अडवायचं. चेंडू गर्दीतून आला, तिच्या गुडघ्यावर आपटला आणि जाळ्यात! समोरची गोलकीपर झेपावली ती सपशेल चिखलात आडवी.

सगळा जमाव उठला. सायकलवाला जागचा हलला नाही. त्याची नजर त्या पडलेल्या पोरीवर खिळली होती. ऊठ, तो मनात म्हणत होता, ऊठ गं बाई.

ती उठली. तोंडातला चिखल थुंकली आणि आपल्याच मैत्रिणींवर खेकसली, "झोपला होतात का गं सगळ्या?"

तेव्हा त्याच्या पोटातून जे काही निघालं ते तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू गेलं असेल. तो बाकावर चढला, पुढच्या जाड्या गृहस्थाची पाठ बडवली, "गोल! माझी पोरगी! गोल!" मैदानावर ढाल नाचायची थांबली आणि कमरेवर हात ठेवून आ वासून बापाकडे बघत राहिली.

एवढ्यात शिट्टी वाजली. कडेच्या पंचाचा झेंडा केव्हाचा वर होता. गोल रद्द. लोक हळहळत खाली बसले. हा बसेना. बायकोनं बाही ओढली.

"अहो, बसा आता! ऑफसाइड दिलंय. गोल झालाच नाही."

"दिसलं मला," डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना तो हसत म्हणाला, "चांगली हातभर ऑफसाइड होती!" आणि पुन्हा ओरडायला लागला.